भाच्याच्या कॅप्सूलमागची माणसे

माझ्या भाच्याला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तो चौदा वर्षांचा असून रोज रात्री जेवणानंतर हायड्रॉक्सीयुरियाची एक कॅप्सूल घेतो, त्यावर दोन पेले पाणी पितो आणि झोपायला जातो. हे औषध त्याला सहाव्या वर्षी सुरू झाले. त्याआधीची वर्षे आम्हा दोघी बहिणींना ऋतूंवरून आठवतात. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिसाकडे गेला, की अंगातले पाणी कमी होऊन त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकत, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसत आणि मध्यरात्री पाय पोटाशी घेऊन त्याचे रडणे सुरू होई. डिसेंबरच्या थंडीतही हेच होई. सलाइन, वेदनाशामक, कधी रक्त चढवणे, आणि पाच-सहा दिवसांनी घरी परत, असे वर्षातून चार-पाच वेळा घडत असे. औषध सुरू झाल्यावर हे प्रमाण हळूहळू वर्षातून एखाद्या वेळेवर आले.

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत त्याच्या डॉक्टरांनी बहिणीला सांगितले, की एका नव्या औषधाची ट्रायल सुरू होत आहे, हायड्रॉक्सीयुरिया चालू ठेवूनच ते द्यायचे आहे, आणि इच्छा असल्यास मुलाचा विचार त्यासाठी होऊ शकतो. बहिणीने घरी येऊन सव्वीस पानांचे संमतिपत्रक माझ्यासमोर ठेवले. ते औषध आणि ते रुग्णालय यांची नावे मी येथे लिहीत नाही, कारण ती मुलाची खासगी बाब आहे. परंतु त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरात जी चर्चा झाली, जे वाचन झाले आणि जे प्रश्न विचारले गेले, ते लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण विदर्भात अनेक घरांत सिकल आहे आणि असे पत्रक उद्या दुसऱ्या कोणाच्याही हातात पडू शकते. मी शाळेत मराठी शिकवते. वैद्यकाचे माझे शिक्षण झालेले नाही. त्यामुळे येथे जे लिहीत आहे ते एका मावशीने वाचून आणि विचारून समजून घेतलेले आहे.

पहिला विरोध बहिणीच्या सासूबाईंचा होता. "माह्या नातवावर प्रयोग नोका करू," एवढे एकच वाक्य त्या दोन दिवस म्हणत होत्या. त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटले नाही. आपल्या लेकराचा कोणी नमुना म्हणून उपयोग करावा, हे कोणत्याही आजीला सहन होणार नाही. परंतु त्याच वेळी माझ्या मनात हेही आले, की नातू रोज जी कॅप्सूल घेतो ती कधीतरी कोणावर तरी अशीच तपासली गेली असेल. ती कोणावर, कुठे आणि कशी तपासली गेली, हे मी त्या रात्रीपासून शोधू लागले.

सिकलसेलचे वर्णन वैद्यकीय लेखनात पहिल्यांदा १९१० मध्ये शिकागोत झाले. आपल्या नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकल वाहकांविषयीचा, म्हणजे स्वतः आजारी नसूनही सिकलचे जनुक बाळगणाऱ्यांविषयीचा, लेख १९५८ मध्ये लंडनच्या लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता, म्हणजे हा आजार इथे आहे हे जगाला सांगून साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही १९९५ पर्यंत, म्हणजे पहिल्या वर्णनानंतर पंचाऐंशी वर्षे, प्रौढ रुग्णाचे क्रायसिस, म्हणजे अचानक उठणारी ती तीव्र दुखणी, कमी करते असे सिद्ध झालेले एकही औषध नव्हते.

हायड्रॉक्सीयुरिया हा पदार्थ मात्र १८६९ पासून माहीत होता आणि रक्ताच्या काही कर्करोगांत तो वापरलाही जात होता. त्याने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते आणि ते वाढले की पेशी कमी वाकतात, असे दिसू लागले होते. मग तो थेट सगळ्यांना का दिला नाही, हा प्रश्न बहिणीने मला विचारला. त्याचे उत्तर मला पुस्तकापेक्षा आमच्याच घरातून अधिक स्पष्ट मिळाले.

भाचा चार वर्षांचा असताना त्याच्या एका मोठ्या दुखण्यात शेजारच्या काकूंनी एक काढा दिला आणि दुसऱ्या दिवशी दुखणे उतरले. पुढच्या खेपेला एका नातेवाइकाने ताईत आणला, तेव्हाही तीन दिवसांत आराम पडला. त्यानंतरच्या खेपेला यांपैकी काहीच केले नाही आणि दुखणे पाचव्या दिवशी थांबले. सिकलचा क्रायसिस येतो, वाढतो आणि बहुतेक वेळा काही दिवसांत आपणच ओसरतो. तो सर्वांत तीव्र असताना आपण हातपाय मारतो आणि जे काही शेवटी केलेले असते त्याला श्रेय देऊन मोकळे होतो. वर्षांचेही तसेच असते. एखादे वर्ष वाईट जाते, पुढचे त्या मानाने बरे जाते, आणि मधल्या काळात सुरू केलेली गोळी गुणकारी ठरते. संधिवात, दमा, फिट्स, त्वचेचे जुने विकार, जे जे आजार चढ-उताराने वर्षानुवर्षे चालतात त्या सगळ्यांत हीच फसगत होते. एका आईचा अनुभव कितीही खरा असला, तरी औषधाने बरे वाटले की आजाराच्या स्वतःच्या चालीने, हे त्या एका अनुभवातून कळूच शकत नाही. त्यासाठी सारखी दुखणी असलेली पुष्कळ माणसे लागतात, त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, एका गटाला औषध आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल द्यावी लागते, आणि कोणाला काय मिळते आहे हे रुग्णापासून व त्याच्या डॉक्टरांपासूनही लपवून ठेवावे लागते, म्हणजे आशेचा परिणाम दोन्ही पारड्यांत सारखाच पडतो.

अमेरिका आणि कॅनडामधल्या २९९ प्रौढ सिकलसेल रुग्णांनी हे मान्य केले. त्यांतल्या १५२ जणांना हायड्रॉक्सीयुरिया मिळाले आणि १४७ जणांना रिकामी कॅप्सूल. वर्षाला येणाऱ्या क्रायसिसची मधली संख्या (निम्म्या रुग्णांना याहून कमी, निम्म्यांना याहून जास्त) औषध घेणाऱ्या गटात २.५ आणि दुसऱ्या गटात ४.५ निघाली. फरक इतका स्पष्ट होता, की जानेवारी १९९५ मध्ये ठरलेल्या मुदतीआधीच चाचणी थांबवण्यात आली, कारण दुसऱ्या गटाला आता औषधाविना ठेवणे योग्य नव्हते. या रुग्णांचा पाठपुरावा पुढेही होत राहिला आणि नऊ वर्षांच्या नोंदींवरून औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या १४७ जणांचा विचार मी अनेक दिवस करत होते. त्यांनी महिनोन्महिने रिकाम्या कॅप्सूल गिळल्या, दुखणी सोसली आणि ती प्रामाणिकपणे नोंदवली. त्यांच्या नोंदी नसत्या, तर उरलेल्या १५२ जणांच्या नोंदींना काहीच अर्थ राहिला नसता.

लहान मुलांच्या बाबतीत तर त्याआधीचीच एक चाचणी महत्त्वाची ठरली होती. सिकलच्या बाळांना जंतुसंसर्ग फार लवकर आणि फार गंभीर होतो. रोज पेनिसिलिन दिल्याने तो टळतो का, हे २१५ बाळांमध्ये तपासले गेले आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. तीही चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. जन्मतःच बाळाची सिकल तपासणी करावी, या आग्रहाला खरे बळ तेव्हापासून मिळाले, कारण लवकर निदान होऊन उपयोग काय, या प्रश्नाला आता उत्तर होते.

यानंतरचा भाग मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो आपल्या गावात घडला. १९९५ च्या चाचणीतले रुग्ण बहुतांश आफ्रिकी वंशाचे होते. आपल्याकडच्या सिकलची जनुकीय ठेवण वेगळी आहे. आपल्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मुळातच अधिक असते. शिवाय अमेरिकेत औषधाची मात्रा दर काही आठवड्यांनी रक्त तपासत, पेशी किती सहन करतात ते पाहत वाढवत नेली जाते. गडचिरोलीच्या आतल्या गावातून किंवा भंडाऱ्याच्या एखाद्या वस्तीतून मजुरी बुडवून येणाऱ्या आईबापांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त तपासायला नागपूर गाठणे कसे जमणार? तेव्हा प्रश्न असा होता, की वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम एवढी थोडी आणि न बदलणारी मात्रा आपल्या मुलांना पुरेल का. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या, म्हणजे आपल्या मेडिकलमधल्या बालरोग विभागाच्या डॉक्टरांनी हा प्रश्न वारंवार क्रायसिस येणाऱ्या किंवा वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या ६० मुलांमध्ये अठरा महिने तपासला. इथेही अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना रिकामी कॅप्सूल होती. औषध घेणाऱ्या मुलांचे क्रायसिस, रक्त चढवण्याच्या वेळा आणि रुग्णालयात भरती होणे हे सारे स्पष्टपणे कमी झाले. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भाच्याला सहाव्या वर्षी डॉक्टरांनी इतक्या सहजपणे हे औषध लिहून दिले, त्यामागे याच शहरातली, कदाचित आमच्याच रांगेत पुढे-मागे बसलेली, ती साठ मुले आहेत हे मला आठ वर्षे ठाऊक नव्हते.

अर्थात एका चाचणीने प्रश्न कायमचा मिटतो असे नाही. युगांडातल्या मुलांमध्ये ठरावीक मात्रा आणि हळूहळू वाढवत नेलेली मात्रा यांची तुलना झाली, तेव्हा वाढवत नेलेली मात्रा अधिक गुणकारी ठरली. ते निष्कर्ष २०२० मध्ये आले. तेथील ठरावीक मात्राही आपल्या दहा मिलिग्रॅमपेक्षा बरीच अधिक होती आणि तेथील सिकलची ठेवणही वेगळी आहे. म्हणून विदर्भातल्या मुलाला नेमकी किती मात्रा सर्वांत हितकारक, याचा निर्णय युगांडाच्या आकड्यांवरून थेट करता येत नाही. तो इथल्याच मुलांमध्ये, इथल्याच दवाखान्यांत पुन्हा तपासला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. आपल्याकडे चाचण्या नकोत असे म्हणणे म्हणजे दुसऱ्यांच्या शरीरांवरून काढलेले उत्तर आपल्या मुलांना लावून घेणे होय.

चाचणी चालू राहिल्याने रुग्णांचे आणखी एक मोठे हित होते, ते म्हणजे चुकीचे औषध बाजूला निघते. व्हॉक्सेलोटर नावाच्या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत त्वरित मान्यता मिळाली, कारण त्याने हिमोग्लोबिन वाढत होते. रक्ताच्या अहवालातला आकडा सुधारला म्हणजे रुग्णही सुधारला, असे आपण सगळेच मानतो. पुढच्या अभ्यासांत मात्र हे औषध घेणाऱ्यांमध्ये क्रायसिस आणि मृत्यू यांची संख्या चिंता वाटावी अशी दिसली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. जन्मभर घ्यायच्या औषधाच्या बाबतीत ही गोष्ट फार गंभीर आहे. चार दिवसांच्या तापाचे औषध चुकले तर चार दिवसांत थांबते; रोजची गोळी चुकली तर ती वर्षानुवर्षे चुकत राहते. माझ्या आईला मधुमेह आहे. साखर कसोशीने आटोक्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंड वाचतात, हे आज आपण गृहीत धरतो. पण ते सिद्ध करायला ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षे ५,१०२ रुग्णांचा पाठपुरावा करावा लागला आणि निष्कर्ष १९९८ मध्ये आले.

आईचा विषय निघालाच आहे तर एक कटू गोष्टही सांगते. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात आईसमोर एक इंग्रजी कागद ठेवून "नेहमीचंच आहे, इथे सही करा" असे सांगण्यात आले. ती सही करून आली. पुढे दोन महिन्यांनी तिला "तुम्ही आमच्या अभ्यासात आहात" असा फोन आला, तेव्हा आम्हाला ते कळले. तिला इजा काही झाली नाही, परंतु तिला विचारलेच गेले नव्हते, याचा संताप माझ्या मनातून आजही गेलेला नाही. देशाच्या पातळीवरही असे घडले आहे. आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी, लस देण्याचा एक प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. त्यातल्या काही मुलींचे मृत्यू लसीमुळे झाले नसल्याचे चौकशीत सांगण्यात आले. पण अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, ही बाब संसदीय समितीने कठोर शब्दांत नोंदवली. सर्वोच्च न्यायालयातही हा विषय गेला. आज लागू असलेले २०१९ चे नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम या सगळ्या अनुभवांनंतर आलेले आहेत.

त्या नियमांतल्या काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाला तोंडपाठ असाव्यात. संमती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते. वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. अगदी नव्या औषधाच्या चाचणीत मुलांसारख्या असुरक्षित सहभागींची संमती घेताना ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत आणि मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास भरपाई द्यावी लागते. कोणत्याही टप्प्यावर कारण न सांगता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडत नाहीत. सहभागींच्या हक्कांवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या नीतिमत्ता समितीत किमान सात सदस्य असतात, त्यांत एक सामान्य नागरिक आणि एक कायद्याचा जाणकार असावाच लागतो, आणि समितीचा संपर्क पत्रकावर छापलेला असतो. देशातली प्रत्येक चाचणी सुरू होण्यापूर्वी सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत नोंदवावी लागते. ती कोणालाही फुकट पाहता येते. आम्ही आमच्या चाचणीचा क्रमांक तिथे टाकून पाहिला आणि पत्रकातला मजकूर तिथल्या नोंदीशी पडताळला. दोन्ही जुळले, तेव्हा बहिणीचा चेहरा थोडा सैल झाला.

तरी पत्रकाची भाषा ही मोठी अडचण होती. "ताई, हे काय लिहून आहे? मला तर काहीच समजून नाही राहिलं," असे म्हणत बहिणीने चौथ्या पानावर बोट ठेवले. तिथे 'यादृच्छिकीकरण' असा शब्द होता. पंचवीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या मलाही तो दोनदा वाचावा लागला. चिठ्ठ्या टाकून गट ठरवणे, एवढेच त्यात सांगायचे होते. 'प्रतिकूल घटना', 'आंधळेपणा राखणे', 'आधाररेखा मूल्यांकन' हे शब्द ज्या बाईने आपल्या मुलाचे शरीर सोपवायचे आहे तिच्यासाठी लिहिलेलेच नव्हते. ते कागद तपासणाऱ्यांसाठी लिहिलेले होते. दोन संध्याकाळी बसून मी सव्वीस पानांचा मजकूर घरगुती मराठीत साडेतीन पानांत लिहून काढला आणि तो सासूबाईंनाही वाचून दाखवला. संमतिपत्रके तयार करणाऱ्यांनी ती छापण्याआधी आपल्या आईला वाचून दाखवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बहिणीने डॉक्टरांना विचारलेले प्रश्न माझ्यापेक्षा नेमके होते. रिकामी कॅप्सूल मिळाली तर हायड्रॉक्सीयुरिया बंद होणार नाही ना? नाही, ते दोन्ही गटांना चालूच राहील. शाळा किती दिवस बुडेल? पहिल्या दोन महिन्यांत पाच दिवस, नंतर महिन्यातून एक. चाचणी संपल्यावर औषधाचा गुण आला असेल तर ते पुढे मिळेल का? या प्रश्नावर डॉक्टर थांबले आणि लेखी विचारून सांगतो म्हणाले. आठ दिवसांनी उत्तर आले, ते लेखी होते, आणि आम्ही ते पत्रकाला जोडून घेतले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत सही करायची नाही, हे तिने मनाशी ठरवले होते, आणि डॉक्टरांनीही तिला घाई केली नाही.

एक गैरसमज मात्र आम्हाला प्रयत्नपूर्वक दूर ठेवावा लागला. चाचणीत नियमित तपासण्या होतात, प्रवासखर्च मिळतो, एकच परिचारिका दर वेळी नावानिशी विचारपूस करते, रांगेत चार तास बसावे लागत नाही. जुन्या आजाराच्या रुग्णाला याचे मोल फार असते आणि कित्येकदा त्याला आधी बरे वाटते ते यानेच. परंतु चाचणी मुलाला बरे करण्यासाठी योजलेली नसते, ती औषधाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर काढण्यासाठी योजलेली असते. भाच्याला फायदा होईल, होणार नाही, कदाचित त्रासही होईल. हे समजून जो 'हो' म्हणतो त्याचाच होकार खरा. इतकी साधी विचारपूस मिळवण्यासाठी चाचणीत जावे लागू नये, ती प्रत्येक सिकल रुग्णाला एरवीही मिळावी, असेही मला तितक्याच तीव्रतेने वाटते.

शेवटी भाच्याला विचारायचे होते. त्याच्या वयाच्या मुलाची स्वतःची लेखी मान्यताही घ्यावी लागते; आईच्या सहीने भागत नाही. त्याने माझी साडेतीन पाने सावकाश वाचली आणि विचारले, "मावशी, मला रिकामी भेटली तर माझं लिहिलेलं ते मोजतील का?" मी त्याला त्या १४७ जणांविषयी सांगितले आणि मेडिकलमधल्या साठ मुलांविषयीही सांगितले. ती मुले आता केवढी झाली असतील, असे त्याने विचारले; विशी-तिशीत असतील, असे मी म्हणाले. मग तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आईसोबत जाऊन त्याने सही केली.

आता पाचवा महिना चालू आहे. त्याला एक वही दिली आहे, तिच्यात रोज रात्री दुखण्याचा आकडा शून्य ते दहामध्ये लिहायचा असतो आणि दुखलेच तर कुठे दुखले तेही लिहायचे असते. जेवण झाले की तो दोन कॅप्सूल घेतो, एक ओळखीची आणि एक जिच्यात काय आहे हे त्याला, बहिणीला, मला आणि त्याच्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसतात. मागच्या गुरुवारी डाव्या गुडघ्यात थोडेसे दुखत होते, तर तीन लिहावे की चार, यावर तो पाच मिनिटे विचार करत बसला होता. नंतर त्याने तीन लिहिले.